मोटरसायकल रोड रेसरचं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न वाचकांकडून पुन्हापुन्हा आलेले आहेत. एकाच अर्थाचे चार प्रश्न होते तिथे एकच ठेवला. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येऊन गेली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. वेगापेक्षा करारांबद्दल आणि हाडांबद्दल इथे जास्त वाचायला मिळेल. त्याला इलाज नाही. हे करिअर घडतं तिथेच आणि मोडतंही तिथेच.

१. मोटोजीपी, मोटो२, मोटो३, सुपरबाइक... यात कोण कुणाच्या वर?

एफआयएम ही मोटरसायकल खेळांची जागतिक संघटना. तिची ग्रां प्री विश्वविजेतेपद मालिका १९४९ पासून चालू आहे. तिच्यात आज तीन वर्ग आहेत. मोटो३ मध्ये २५० सीसीची एक सिलिंडरची बाइक असते. मोटो२ मध्ये २०१९ पासून सगळ्यांना ट्रायम्फचं ७६५ सीसीचं एकसारखं इंजिन मिळतं. सर्वांत वर मोटोजीपी: १००० सीसी, कार्बन ब्रेक, आणि दुकानात कधीच विकायला न येणारी बाइक. २०२७ पासून या वर्गाचं इंजिन ८५० सीसीचं होणार आहे.

सुपरबाइक ही वेगळी मालिका आहे. १९८८ पासून चालणाऱ्या या मालिकेत शोरूममध्ये मिळणाऱ्या बाइकवरून तयार केलेल्या रेस बाइक धावतात. तिला मोटोजीपीची खालची पायरी समजू नका. अनेकांनी अख्खं करिअर तिथेच केलं. जोनाथन रे याने २०१५ ते २०२० अशी सलग सहा विश्वविजेतेपदं कावासाकीवर मिळवली आणि मोटोजीपीत तो पूर्ण हंगाम कधीच धावला नाही.

२. सर्किटवर धावणारे आणि आइल ऑफ मॅनला धावणारे रायडर एकच असतात का?

पूर्वी असायचे, आता जवळजवळ नाही. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) ही रस्त्यावरची शर्यत १९०७ मध्ये सुरू झाली आणि १९७६ पर्यंत ती विश्वविजेतेपद मालिकेचा भाग होती. तिचा डोंगरी मार्ग सुमारे ६०.७ किलोमीटरचा. एरवी लोक कामाला जातात तोच रस्ता शर्यतीपुरता बंद करतात. कडेला भिंती, घरं, खांब. १९७२ मध्ये जिल्बेर्तो पार्लोत्ती तिथे मरण पावला, तेव्हा जाकोमो आगोस्तिनीने यापुढे तिथे धावणार नाही असं ठरवलं. त्याच्या नावावर पंधरा विश्वविजेतेपदं आणि दहा टीटी विजय आहेत, त्यामुळे त्याला भित्रा म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाठोपाठ इतरही मोठे रायडर दूर झाले.

आज रस्त्यावरच्या शर्यतींचे रायडर वेगळ्या मुशीतले असतात. मार्ग पाठ व्हायलाच त्यांची काही वर्षं जातात. रायडर एकामागून एक ठरावीक सेकंदांच्या अंतराने सोडले जातात, त्यामुळे लढत घड्याळाशी असते. मायकल डनलॉपने २०२४ मध्ये काका जोई डनलॉप यांचा २६ विजयांचा विक्रम मोडला. त्याच घरातले जोई, मायकलचे वडील रॉबर्ट आणि भाऊ विल्यम असे तिघं रस्त्यावरच्या शर्यतींत गेले. खालची बहुतेक उत्तरं सर्किटवरच्या करिअरची आहेत.

३. मी वीस वर्षांचा आहे. उशीर झाला का?

मोटोजीपीसाठी विचारत असाल तर स्पष्टच सांगतो, हो. मार्क मार्केझ २०१३ मध्ये मोटोजीपीचा विश्वविजेता झाला तेव्हा तो वीस वर्षं आणि २६६ दिवसांचा होता. केसी स्टोनर चौदा वर्षांचा असताना त्याचं कुटुंब ऑस्ट्रेलिया सोडून इंग्लंडला गेलं, कारण ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांआधी सर्किटवर धावता येत नव्हतं. मोटोजीपीतले बहुतेक जण सहा-सात वर्षांचे असताना छोट्या बाइकवर बसलेले असतात.

पण व्यावसायिक रेसिंग मोटोजीपीपुरतंच नाही. राष्ट्रीय मालिका, एकाच मॉडेलच्या बाइकचे कप, तासन्तास चालणाऱ्या एन्ड्युरन्स शर्यती यांत उशिरा आलेले लोक आहेत. मोटोक्रॉस किंवा डर्ट ट्रॅकची पार्श्वभूमी असेल तर काही वर्षं वाचतात, कारण घसरणाऱ्या चाकाची भीती आधीच मेलेली असते. यांतलं काहीच नसेल आणि वय वीस असेल, तर हौशी रेसर म्हणून सुरू करा आणि नोकरी किंवा शिक्षण सोडू नका.

४. उलट बाजूने विचारतो: कमीत कमी वय किती लागतं?

२०२१ च्या हंगामात तीन वेगवेगळ्या मालिकांत तीन किशोरवयीन रायडरांचा मृत्यू झाला. त्यानंतर नियम बदलले आणि २०२३ पासून विश्वविजेतेपद मालिकांसाठी किमान वय अठरा झालं. ज्युनियर मालिकांमध्ये अव्वल ठरणाऱ्यांना मोटो३ मध्ये थोडं लवकर येण्याची सवलत आहे.

पेड्रो अकोस्ताने २०२१ मध्ये दोहाला मोटो३ मधली आपली दुसरीच शर्यत पिट लेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून, सुरू करून जिंकली. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आजच्या नियमांत तो त्या दिवशी तिथे नसता. मला हा नियम योग्य वाटतो. पंधरा वर्षांच्या वीस-पंचवीस मुलांना एकाच वळणात एकत्र घुसवून मग 'प्रतिभा' शोधायची, हा प्रकार थांबवायलाच हवा होता.

५. रस्त्यावर मी खूप फास्ट चालवतो. ट्रॅकवर किती फायदा होईल?

काहीच नाही, उलट तोटा होईल. रस्त्यावर भरधाव चालवणाऱ्याला ब्रेक लवकर सोडायची आणि वळणाच्या आधी इंजिनवर वेग कमी करायची सवय लागलेली असते. ट्रॅकवर वेळ मिळतो तो शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक लावून, ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरण्यात. शिवाय रस्त्यावरच्या वेगाची किंमत समोरून येणारा माणूस मोजतो.

६. मग सुरुवात नेमकी कुठून करायची?

मूल असेल तर मिनीबाइक. लहान इंजिनाची खरी रेस बाइक आणि कार्टिंगचा ट्रॅक. एफआयएमची मिनीजीपी मालिका अनेक देशांत २०२१ पासून चालते. मोठ्या माणसासाठी क्रम असा: ट्रॅक डे (पैसे भरून ट्रॅकवर बाइक चालवायचा दिवस), रेसिंग स्कूल, आपल्या देशाच्या राष्ट्रीय संघटनेचं रेसिंग लायसन्स, त्यासाठी वैद्यकीय तपासणी, आणि मग एकाच मॉडेलच्या बाइकची एखादी कप मालिका. त्यात सगळ्यांची बाइक सारखी असते, त्यामुळे खरी चूक कुणाची आहे ते लगेच कळतं. घड्याळात दोन सेकंद कमी पडत असतील तर बाइकला दोष देता येत नाही.

तिथून वर जायची दारं मोजकीच आहेत. रेड बुल रूकीज कप २००७ मध्ये सुरू झाला. पहिला विजेता योहान झार्को, २०१४ चा होर्हे मार्टिन, २०२० चा अकोस्ता. आशियातल्या मुलांसाठीही असा वेगळा कप आहे. या कपांमध्ये निवड झाली की बाइक आयोजकांची असते, म्हणून निवडचाचण्यांना झुंबड उडते. पुढची पायरी युरोपातली ज्युनियरजीपी मालिका, आणि इथून पैशाचा प्रश्न सुरू होतो.

७. रायडरला पगार मिळतो, की रायडर टीमला पैसे देतो?

दोन्ही. याबद्दल उघडपणे कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर.

खालच्या पायऱ्यांवर कुटुंब पैसे घालतं. बाइक, टायर, मेकॅनिक, प्रवास, पडल्यावर लागणारे सुटे भाग, सगळं. मोटो३ आणि मोटो२ मध्येही अनेक टीम सीट (टीममधली रायडरची जागा) देताना 'तुझ्यासोबत प्रायोजक किती येतील?' हे विचारतात. म्हणजे विश्वविजेतेपद मालिकेत धावणारा, टीव्हीवर दिसणारा रायडर प्रत्यक्षात स्वतःच्या सीटचे पैसे भरत असू शकतो. त्याला फुकट सीट मिळाली तरी बाजी मारली असं समजतात.

चित्र बदलतं ते मोटोजीपीत आणि सुपरबाइकच्या वरच्या टीममध्ये. तिथे मूळ मानधन, विजयाचा आणि पोडियमचा (पहिल्या तिघांत येण्याचा) बोनस, विजेतेपदाचा मोठा बोनस, आणि हेल्मेट, रेसिंग सूट, बूट यांच्या कंपन्यांशी रायडरचे स्वतःचे करार असतात. सूटवर कुठली जागा टीमच्या प्रायोजकांची आणि कुठली रायडरची, हे करारात बारकाईने लिहिलेलं असतं. मॅनेजर आपला हिस्सा घेतो. वरच्या चार-पाच जणांचं उत्पन्न आणि ग्रिडच्या (शर्यत सुरू होताना रायडर उभे राहतात त्या रांगांच्या) शेवटच्या रांगेतल्यांचं उत्पन्न यांत प्रचंड दरी आहे.

पैशासाठी रायडर एकत्र आल्याचं मोठं उदाहरण १९७९ चं. केनी रॉबर्ट्स आणि इतर आघाडीच्या रायडरांनी तुटपुंजी बक्षिसं आणि असुरक्षित ट्रॅक यांना कंटाळून स्वतःची वेगळी 'वर्ल्ड सीरिज' जाहीर केली. ती मालिका झाली नाही, पण तिच्या धाकाने बक्षिसं वाढली.

८. उंची-वजन किती असावं?

वर्गावर अवलंबून आहे. मोटो३ मध्ये बाइक आणि पूर्ण पोशाखातला रायडर मिळून किमान १५२ किलो भरावे लागतात. त्यामुळे फार हलक्याला वजन जोडावं लागतं, पण जड रायडरचं जास्तीचं वजन कुणी कमी करून देत नाही. मोटोजीपीत नियम फक्त बाइकला आहे, किमान १५७ किलो. रायडर जितका हलका तितका सरळ पट्ट्यावर आणि टायरच्या झिजेत फायदा.

पण दानी पेड्रोसाला विचारा. सुमारे १६० सेंटिमीटर उंचीच्या पेड्रोसाची बाइक उसळी घेऊन पळायची, पण शरीराच्या वजनाने मागचा टायर दाबून गरम करणं त्याला जड जायचं. दुसऱ्या टोकाला व्हॅलेंटिनो रोसी १८० सेंटिमीटरच्या वर होता आणि त्याने नऊ विश्वविजेतेपदं मिळवली. उंचीवरून कुणाला नाउमेद करू नये. मांड्या, पाठ आणि कोपराखालचा हात मात्र पोलादी लागतात.

९. मोटोजीपी रायडर रोज मोटोजीपी बाइकवर सराव करतात का?

नाही, त्यांना परवानगीच नाही. ठरलेल्या चाचण्या आणि शर्यतींचे दिवस सोडले तर ती बाइक हाती येत नाही. कंपन्यांनी पैशाच्या जोरावर अमर्याद चाचण्या करू नयेत म्हणून हा नियम आहे. मग रायडर दुकानात मिळणाऱ्या स्पोर्ट्स बाइकवर, मोटोक्रॉसवर, मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर सराव करतात. इटलीत तावुल्लियातल्या रोसीच्या रँचवर एक अख्खी पिढी मातीत घसरत तयार झाली. फ्रान्चेस्को बान्याया त्यातलाच.

या सरावातही हाडं मोडतात. २०१७ च्या ऑगस्टअखेर एन्ड्युरो सरावात रोसीच्या पायाची दोन्ही हाडं मोडली, तरी महिनाभरात तो आरागॉनला पाचवा आला. २००६ चा विश्वविजेता निकी हेडन २०१७ मध्ये सायकलवर असताना कारची धडक बसून गेला.

१०. मोडलेल्या हाडाने शर्यत कशी करतात? डॉक्टर परवानगी देतात?

हा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न.

आधी पडण्याचे दोन प्रकार. चाकाची पकड सुटून बाइक वळणाच्या आतल्या बाजूवर आडवी पडून घसरते आणि रायडर तिच्यामागे सरपटत जातो, हा त्यातल्या त्यात सौम्य. दुसरा हायसाइड: मागचं चाक घसरता घसरता अचानक पकड घेतं आणि बाइक रायडरला वर भिरकावते. मोठ्या दुखापती बहुतेक यातून येतात. २०१८ पासून तिन्ही ग्रां प्री वर्गांत सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे. पडणं ओळखून ती जमिनीवर आदळण्याआधी फुगते. त्यामुळे खांदे आणि कॉलरबोन बरेच वाचतात.

कॉलरबोनला प्लेट घातली की हाड लवकर भार घेतं. २०१३ मध्ये आसेनला होर्हे लोरेन्झोची कॉलरबोन गुरुवारी मोडली. तो विमानाने बार्सिलोनाला गेला, शस्त्रक्रिया करून परत आला आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी जण सांगतात: पुढच्याच शर्यतीच्या ठिकाणी तो पुन्हा पडला आणि ती प्लेट वाकली.

आणि मग मार्केझ. जुलै २०२० मध्ये हेरेसला त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच तो पुन्हा बाइकवर बसला, जमेना म्हणून उतरला. नंतर घरी प्लेट तुटली. एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. २०२२ मधल्या चौथीत हाड कापून सुमारे ३० अंशांनी फिरवून बसवावं लागलं. पुढचं विजेतेपद २०२५ मध्ये मिळालं. सर्किटचे डॉक्टर हालचाल, ताकद, शुद्ध तपासून 'फिट' किंवा 'अनफिट' ठरवतात, पण दुखणं लपवण्यात रायडर पटाईत असतात. माझ्या मते लवकर परतण्याच्या शौर्यकथा या खेळाने जरुरीपेक्षा जास्त मिरवल्या आहेत.

कायमची हानी झाली तरी मार्ग निघतो कधीकधी. मिक डूहनचा पाय १९९२ मध्ये आसेनला इतका चिरडला की उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबणं अशक्य झालं. डाव्या हाताच्या अंगठ्याने चालणारा ब्रेक बसवून त्याने १९९४ ते १९९८ अशी पाच विजेतेपदं घेतली. आज धडधाकट रायडरही असा अंगठ्याचा ब्रेक आवडीने वापरतात.

११. कोपराखाली हात दगडासारखा होतो म्हणतात, ते काय?

आर्म पंप. सतत ब्रेक आणि थ्रॉटल धरून स्नायू फुगतात, त्यांच्याभोवतीचं आवरण ताणत नाही, रक्तपुरवठा अडतो आणि बोटांतली ताकद जाते. २०२१ मध्ये हेरेसला फाबिओ क्वार्तारारो आघाडीवर होता आणि यामुळे थेट तेराव्या क्रमांकावर घसरला. शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी विश्वविजेता झाला. सगळ्यांचं इतकं चांगलं होतं असं नाही. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

१२. खरंच सांगा, मृत्यूचा धोका किती?

आहे. मार्को सिमोनचेल्ली २०११ मध्ये सेपांगला, लुइस सालोम २०१६ मध्ये बार्सिलोनाला, जेसन द्युपास्किए २०२१ मध्ये मुजेलोला गेले. सर्किटवर भिंती मागे सरकल्या, खडीचे पट्टे रुंद झाले. दाइजिरो कातोच्या २००३ मधल्या मृत्यूनंतर रायडर आणि आयोजक दर शर्यतीच्या शुक्रवारी ट्रॅकच्या सुरक्षेवर बसून बोलतात. राहिलेला सर्वांत मोठा धोका म्हणजे पडलेल्या रायडरवर मागून येणारी बाइक. २०२३ मध्ये मुजेलोला ब्रॅड बाइंडरची बाइक ताशी ३६६.१ किलोमीटरला पोहोचली होती, यावरून मागच्याला चुकवायला किती क्षण मिळत असतील ते पाहा. याला अजून कुणाकडे पुरतं उत्तर नाही.

घरच्यांना पटवण्यासाठी 'आता काही होत नाही' असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. आणखी एक: नेहमीच्या अनेक विमा योजनांत मोटरस्पोर्टची दुखापत वगळलेली असते. लायसन्ससोबत येणारा विमा काय भरून देतो ते आधी वाचा.

१३. एकही शर्यत न जिंकता विश्वविजेता होता येतं का?

झालेलं आहे. १९९९ मध्ये एमिलियो आल्झामोराने १२५ सीसीचं विजेतेपद एकाही विजयाविना, एका गुणाने घेतलं. जुआन मीर २०२० मध्ये एकच शर्यत जिंकून मोटोजीपीचा विजेता ठरला. मुख्य शर्यतीत पहिल्याला २५ गुण, मग २०, १६, १३, ११ आणि पुढे पंधराव्यापर्यंत. मोटोजीपीत २०२३ पासून शनिवारी साधारण निम्म्या अंतराची स्प्रिंटही असते. तिथे पहिल्याला १२ आणि नवव्यापर्यंत गुण. दर वेळी तिसरा-चौथा येणारा माणूस कंटाळवाणा वाटतो, पण टीमला तो फार आवडतो.

१४. चांगला रायडर टीम का बदलतो? विजेता ठरल्यावरही?

टीम दोन प्रकारच्या असतात: कंपनीची स्वतःची फॅक्टरी टीम, आणि तिच्याकडून बाइक घेणारी स्वतंत्र टीम. नवे सुटे भाग आधी कुणाला मिळणार हे ठरलेलं असतं, म्हणून सगळ्यांचा डोळा फॅक्टरी सीटवर. करार बहुधा दोन वर्षांचे, आणि बोलणी हंगाम संपायच्या कितीतरी आधी उरकतात. त्यामुळे विचित्र गोष्टी घडतात. २०२४ मध्ये डुकाटीने फॅक्टरी सीट मार्केझला दिली, मार्टिनने एप्रिलियाशी करार केला, आणि त्यानंतर स्वतंत्र प्रामॅक टीमच्या डुकाटीवर मार्टिनच विश्वविजेता झाला. पुढच्या वर्षी विश्वविजेत्याचा १ नंबर दुसऱ्याच कंपनीच्या बाइकवर दिसला.

काही जण बाइक नव्हे, आपण जिंकतो हे सिद्ध करायला जातात. रोसीने २००४ मध्ये जिंकणारी होंडा सोडून यामाहा घेतली. सोबत आपला क्रू चीफ, म्हणजे मेकॅनिकांचा प्रमुख, जेरेमी बर्जेसलाही नेलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमची पहिलीच शर्यत जिंकली. मार्केझने होंडाचा एक वर्षाचा करार शिल्लक असताना २०२४ साठी ग्रेसिनी या स्वतंत्र टीमची जुनी डुकाटी पत्करली. पैशापेक्षा त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: आपण अजून वेगवान आहोत की नाही.

आणि काहींच्या हातात काहीच नसतं. २०२२ च्या मध्यात सुझुकीने वर्षाअखेर बाहेर पडत असल्याचं कळवलं, तेही आयोजकांशी २०२६ पर्यंतचा करार असताना. मीर आणि आलेक्स रिन्स यांना सीट शोधत फिरावं लागलं. रिन्सने वर्षातली शेवटची शर्यत त्याच सुझुकीवर जिंकली.

१५. दुखापतीने हंगाम वाया गेला तर करार मोडतो का?

सरळ उत्तर नाही. करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. अनेक करारांत कामगिरीची अट असते: अमुक शर्यतींनंतर अमुक स्थान नसेल तर एका बाजूला बाहेर पडता येतं. २०२५ मध्ये मार्टिनच्या करारात असं कलम होतं, पण हंगामाचा मोठा भाग तो जखमी होता. धावलाच नाही तर अट मोजायची कशी, यावर त्याचं आणि एप्रिलियाचं जाहीर बिनसलं. शेवटी तो राहिला. नव्या रायडरांना एकच सल्ला: अटीत 'शर्यती झाल्या' लिहिलंय की 'शर्यतींत भाग घेतला', हे वकिलाकडून तपासून घ्या.

१६. सुपरबाइकमधून मोटोजीपीत जाता येतं?

येतं, वाट अरुंद आहे. ट्रॉय बेलिसने २००६ मध्ये जखमी रायडरच्या जागी व्हॅलेन्सियात येऊन मोटोजीपी शर्यत जिंकली. तोप्राक राझगातलिओग्लू तीन सुपरबाइक विजेतेपदांनंतर २०२६ साठी यामाहाच्या प्रामॅक टीममध्ये आला. टायर आणि कार्बन ब्रेक वेगळे, त्यामुळे शरीरात मुरलेली ब्रेकिंगची सवय बदलावी लागते.

१७. मुलींसाठी वेगळी स्पर्धा आहे, की मुलांसोबतच?

दोन्ही. आना कारास्कोने २०१८ मध्ये पुरुषांसोबत धावून सुपरस्पोर्ट ३०० या लहान बाइकच्या वर्गाचं विश्वविजेतेपद जिंकलं. एकट्या रायडरच्या बाइकवर जागतिक रोड रेसिंग विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. २०२४ पासून महिलांची स्वतंत्र जागतिक मालिकाही आहे. तिची पहिली विजेती कारास्को, दुसरी मारिया एरेरा. वयाची आणि सुरुवातीची उत्तरं (३ ते ६) मुलींनाही तशीच लागू. अडचण बहुतेक वेळा प्रश्न ७ मधली असते.

१८. शर्यत संपल्यावर निकाल बदलतो तो का?

सध्याचं नेहमीचं कारण टायरमधली हवा. पुढच्या टायरचा दाब ठरलेल्या फेऱ्यांइतका वेळ किमान पातळीच्या वर राहिला नाही, तर मुख्य शर्यतीत १६ सेकंदांचा दंड होतो. २०२५ मध्ये कतारला माव्हेरिक विन्यालेस दुसरा आला आणि या दंडाने चौदावा झाला. दुसऱ्याच्या मागे राहिलं की गरम हवेने दाब वाढतो. म्हणून त्याच वर्षी थायलंडला मार्केझने आघाडीवर असताना मुद्दाम भावाला पुढे जाऊ दिलं, दाब वर येईपर्यंत मागे राहिला, आणि मग पुन्हा पुढे जाऊन जिंकला.

हिशेब टीमचाही चुकतो. २०१३ मध्ये फिलिप आयलंडला टायर टिकत नव्हते, म्हणून मधल्या ठरावीक फेऱ्यांत बाइक बदलणं सक्तीचं केलं होतं. मार्केझ एक फेरी उशिरा आत आला आणि त्याला बाद केलं.

१९. दंड मिळाला आणि पुढच्या शर्यतीत रायडर जखमी असेल, तर दंड पुढे सरकतो का?

निर्णयात काय लिहिलंय त्यावर. २०२३ मध्ये पोर्तिमाओला मिगेल ओलिव्हेराला धडक दिल्याबद्दल मार्केझला अर्जेंटिनाच्या शर्यतीत दोन 'लाँग लॅप', म्हणजे बाहेरच्या लांब वळशाने जाण्याचा दंड झाला. तो स्वतःही जखमी असल्याने अर्जेंटिनाला गेलाच नाही. मग 'तो परतेल त्या शर्यतीत' असा बदल करण्यात आला. होंडाने अपील केलं आणि जिंकलं: मूळ निर्णयात अर्जेंटिनाचं नाव होतं, सबब दंड तिथेच संपला.

२०. सर्दीचं औषध घेतलं तरी डोपिंगमध्ये अडकतो का?

अडकू शकतो, म्हणून टीमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. उपचारासाठी लागणाऱ्या औषधाची परवानगी आधी मागता येते. आंद्रेआ यान्नोनेच्या २०१९ मधल्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. दूषित मांसातून आलं असं त्याचं म्हणणं होतं. एफआयएमने १८ महिन्यांची बंदी घातली. प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं, तिथे ती चार वर्षांची झाली. २०२४ मध्ये तो सुपरबाइकमध्ये परतला आणि आरागॉनला शर्यतही जिंकला, पण मोटोजीपीतली जागा गेली ती गेलीच.

२१. निवृत्ती कितव्या वर्षी? आणि निवृत्त झालेला परत येऊ शकतो का?

ठरलेलं वय नाही. स्टोनर दोन विजेतेपदं घेऊन सत्ताविसाव्या वर्षी थांबला. रोसी बेचाळिसाव्या वर्षी. झार्कोने मोटोजीपीतली पहिली शर्यत तेहेतिसाव्या वर्षी जिंकली. बहुतेकांना मात्र निवृत्ती जाहीर करायची संधीच मिळत नाही. एका हंगामात सीट मिळत नाही, पुढच्या हंगामात फोन येत नाही.

नंतरची कामं: टेस्ट रायडर, एन्ड्युरन्स, प्रशिक्षक, समालोचन, टीम चालवणं. रोसी कार रेसिंगकडे वळला. टेस्ट रायडरचं काम मला सर्वांत चांगलं वाटतं, कारण बाइक नवी, चाचण्या भरपूर आणि गुणांचं दडपण नाही. अशा रायडरला अधूनमधून वाइल्ड कार्डवर, म्हणजे एकाच शर्यतीपुरत्या प्रवेशावर, शर्यतही मिळते. २०१८ मध्ये निवृत्त झालेला पेड्रोसा केटीएमचा टेस्ट रायडर म्हणून २०२३ मध्ये मिसानोला चौथा आला, ग्रिडवरच्या अर्ध्याहून अधिक नियमित रायडरांना मागे टाकून. त्याहून मोठं पुनरागमन जुना विश्वविजेता माइक हेलवूडचं. अकरा वर्षांनी, १९७८ मध्ये, तो टीटीला परतला, डुकाटीवर बसला आणि जिंकला. दुसऱ्या वर्षी पुन्हा आला, सुझुकीवर सीनियर टीटी जिंकली, मग थांबला.